आपला माणूस, तोंडी व्यवहार आणि आमचे घर



आज लिहितोय ते कुठल्या पक्षावर किंवा निवडणुकीवर नाही. आमच्या घराच्या बांधकामावर लिहितोय. काहींना वाटेल, हा चळवळीचा विषय आहे का? आमच्या मते आहे. १४ एप्रिलला आणि २६ नोव्हेंबरला आम्ही माईकवर संविधानावर बोलतो, समतेवर बोलतो, श्रमिकांच्या हक्कांवर बोलतो. पण आयुष्यात पहिल्यांदा चार माणसे आमच्या दारात आमच्या पैशावर कामाला आली, तेव्हा आम्ही कसे वागलो? उत्तर फारसे अभिमानाचे नाही. तरी सांगतो, कारण आपल्यातले अनेक तरुण आता नोकरीच्या पगारावर, पतसंस्थेच्या कर्जावर किंवा रमाई आवासच्या अनुदानावर घराला हात घालत आहेत. आमची चूक त्यांनी करू नये.

आधी घराबद्दल. १९७८ साली विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दंगली झाल्या. गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्यात आपला परभणी जिल्हाही होता. आमचे वडील तेव्हा शाळेत होते. आजोबांनी लेकरांना घेऊन काही रात्री शेतात काढल्या. कुडाचे घर, वर गवत, एक काडी पुरे. तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली : घर असे हवे की जे जळणार नाही. १९९४ साली, नामविस्तार झाला त्याच वर्षी, त्यांनी परभणीत दोन खोल्या बांधल्या. भिंती विटांच्या, पण वर पत्रेच, कारण स्लॅबला पैसे नव्हते. त्यानंतर तीस वर्षे ते म्हणत आले, "एकदा स्लॅब पडू द्या, मग मी मोकळा."

म्हणून २०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही काम काढले. पुढची खोली ठेवायची. मागची पत्र्याची खोली पाडून तिथे दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि वर स्लॅब. एकूण ४२० चौरस फूट.

दोन गुत्तेदारांशी बोलणे झाले. पहिला आपल्या समाजाचा नव्हता. तो आला, टेप लावला, मागच्या भिंतीची चीर पाहिली आणि म्हणाला, "सर, ही काळी माती आहे. मुरूम लागेपर्यंत खोदावं लागेल, मग तो चार फुटावर लागो का सहा." दुसऱ्या दिवशी त्याने वहीच्या दोन पानांवर लिहून आणले : मजुरी चौरस फुटाला ३०० रुपये, त्यात काय धरले आहे, काय धरलेले नाही, पैसे कोणत्या टप्प्याला किती.

दुसरा गुत्तेदार आपला होता. विहारात दर पौर्णिमेला दिसणारा, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा. त्याचा भाव २६० रुपये. कागदाचे नाव काढताच तो हसला. म्हणाला, "काय सर, आपल्यात कागद कशाला? घर तुमचं नाही, आपलंच हाय." त्या एका वाक्यापुढे आमचे समाजशास्त्राचे एमए गळून पडले. कागद मागणे म्हणजे आपल्याच माणसावर अविश्वास दाखवणे, असे वाटून आम्हालाच लाज वाटली. हिशेबात १६,८०० रुपये वाचत होते, ते वेगळेच. आपल्या माणसाच्या हाताला काम दिले, असे समाधानही मिळत होते. आम्ही होकार दिला. ४० हजार मजुरीची उचल दिली. सळईचा भाव वाढणार आहे, आत्ताच उचलून ठेवू, असे तो म्हणाला म्हणून त्याचे ६० हजार वेगळे दिले. एक लाख रुपये गेले आणि आमच्या हातात चिठ्ठीसुद्धा नव्हती.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोदकाम सुरू झाले. नाक्यावरून चार मजूर आले. त्यात एक नवरा-बायको होते. साडेतीन फुटांवर गुत्तेदाराने खड्डे थांबवले. मुरूम लागला नव्हता. आम्ही विचारले तर म्हणाला, "एवढ्याशा घराला लई होतंय." काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. पाया तिच्यातच बसवला तर घर दरवर्षी वर-खाली होते आणि भिंतीला तिरकी चीर पडते. आमच्या जुन्या भिंतीत ती चीर डोळ्यांसमोर होती. तरी आम्ही गप्प बसलो. बोलणार कशाच्या आधारावर? किती खोल खोदायचे, हे कुठे ठरलेच नव्हते.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. १० डिसेंबरला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद झाला, मग धरपकड सुरू झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या, माती खोदणाऱ्या वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा हा तरुण. त्या दिवसांत घराचे काम कुणाच्या डोक्यात असणार? काम थांबले ते योग्यच होते.

पण जानेवारी आला, गेला. वातावरण तापलेले आहे, पोरे घाबरलेली आहेत, असे गुत्तेदार फोनवर सांगत राहिला. नंतर कळले की आमच्या उचलीवर त्याने दुसरीकडचे अडलेले काम पुरे केले. सळई आलीच नव्हती. समाजावरचे संकट त्याने सबब म्हणून वापरले. आणि खरे सांगायचे तर आम्हीही ती सबब धरून बसलो. कारण ती खोटी मानली असती तर 'आपला माणूस' हा आमचा हिशेबच खोटा ठरला असता.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ते नवरा-बायको दारात आले. दोघांची अकरा-अकरा दिवसांची हजेरी होती. त्याचे रोज ६०० प्रमाणे ६,६०० झाले होते, मिळाले ३,०००. तिचे रोज ४०० प्रमाणे ४,४०० झाले होते, मिळाले १,५००. दोघांचे मिळून साडेसहा हजार बाकी. आम्ही जे उत्तर दिले, ते प्रत्येक मालक देतो. आम्ही म्हणालो, "मावशी, आम्ही तर गुत्तेदाराला कधीच पैसे दिलेत. तुमचा व्यवहार त्याच्याशी."

ती ओरडली नाही. म्हणाली, "दादा, आम्ही गुत्तेदाराचं घर नाही बांधलं. तुमचं बांधलं."

मित्रांनो, या वाक्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. आमच्या भाषणांतला श्रमिक तिथे उभा होता आणि आम्ही त्याच्याशी मध्यस्थाच्या आडून बोलत होतो. त्याच रात्री साडेसहा हजार रुपये दिले. ते उपकार म्हणून नव्हते, ती थकबाकी होती.

ते गेल्यावर आईने चहाचे कप विसळले आणि बाहेरच्या कट्ट्यावर पालथे घातले. घरातले कप आत होते, कामगारांचे बाहेर. काम सुरू झाल्यापासून तसेच चालू होते. आम्ही रोज पाहत होतो, पण दिसले त्या दिवशी. आईला विचारले तर म्हणाली, "मातीच्या हातानं पितात, म्हणून वेगळे." असेल. पण वेगळ्या कपाला प्रत्येक काळात काहीतरी स्वच्छ कारण मिळालेले आहे. दरवर्षी २० मार्चला आम्ही महाडच्या चवदार तळ्यावर बोलतो आणि आमच्याच कट्ट्यावर पाच कप वेगळे होते.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये सांगितले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. हे आपण परीक्षेत लिहितो. ते बांधकामावर कसे दिसते? मिस्त्री वर, त्याच्या खाली सेंट्रिंगवाला, त्याच्या खाली बिगारी पुरुष, सगळ्यात खाली बिगारी बाई. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर भरपूर बोलतो. दुसरा मात्र आपल्या खिशात चार पैसे आले की आपल्याच आवाजात बोलू लागतो, हे आम्हाला घर काढल्यावर कळले.

आणि बाई? तिला ४०० आणि त्याला ६०० का, हे आम्ही अकरा दिवसांत एकदाही विचारले नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कोळसा खाणीतल्या स्त्रियांच्या प्रश्नावर १९४४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बोलताना त्यांनी स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान वेतन, हे तत्त्व मांडले. १९७६ साली समान मोबदल्याचा कायदा झाला. आणि २०२४ साली, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरासमोर तेच घमेले उचलून बाईला २०० रुपये कमी. तो दर आम्ही ठरवला नव्हता, हे खरे. पण तो दर आम्ही चालू दिला.

पहिल्या गुत्तेदाराचे काय झाले? वस्तीतल्या जाणत्या माणसांनी बैठक बसवली. सूर एकच : आपसात मिटवा, बाहेर जाऊ नका, समाजाची बदनामी होते. झालेल्या कामाचे धरून ६० हजार परत करायचे ठरले. आजवर २० हजार आले.

पण त्याचीही बाजू सांगितली पाहिजे. तो बिगाऱ्याचा मुलगा, हाताने शिकून गुत्तेदार झालेला. सिमेंट-सळईच्या दुकानात त्याला उधारी मिळत नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने आणतो. मग एकाच्या उचलीवर दुसऱ्याचे काम आणि दुसऱ्याच्या उचलीवर तिसऱ्याचे, असे त्याचे चक्र चालते. मध्ये एक काम अडले की सगळेच अडते आणि मार बसतो तो सगळ्यात खालच्या मजुराला. तो चोर आहे असे आम्ही म्हणत नाही. भांडवल नसलेल्या माणसाचा धंदा असाच चालतो. पण म्हणूनच कागद हवा होता. टप्प्याटप्प्याने पैसे ठरले असते तर एक लाखाचा मोह त्याच्यासमोर आम्हीच ठेवला नसता. कागद जसा आम्हाला वाचवतो, तसा त्यालाही वाचवतो.

मार्चमध्ये आम्ही खाली मान घालून त्या ३०० रुपयेवाल्या गुत्तेदाराकडे गेलो. तो हसला नाही, एवढे त्याचे मोठेपण. त्याने जुने खड्डे आणखी खोदले. मुरूम लागला साडेपाच फुटांवर. या वेळी कागद दोघांनी मिळून केला. त्याने त्याच्या अटी लिहिल्या, आम्ही आमच्या : बिगारीची हजेरी दर आठवड्याला मजुराच्या हातात, प्यायचे पाणी आणि संडास आमच्याकडे, आणि बिगारी बाई असो की पुरुष, रोज ६००.

शेवटच्या अटीवर तो अडला. "सर, नाक्यावर हे कळलं तर उद्या मला बाया भेटायच्या नाहीत चारशेनं. आन् पुरुष सिमेंटची गोणी उचलतो, बाई नाही उचलत." मुद्दा अगदीच खोटा नव्हता, गोणी ५० किलोची असते. मग असे ठरले : घमेल्याचे काम सारखे, रोज सारखा. ज्या दिवशी जो गोणी उचलेल त्याला त्या दिवशी ५० रुपये जास्त. बाईच्या रोजातला २०० रुपयांचा फरक आम्ही भरायचा. दोन बाया, तीस दिवस, १२ हजार रुपये. तेवढ्यासाठी ओट्याचा ग्रॅनाइट सोडला आणि कडप्पा बसवला. स्वयंपाक त्यावरही होतो. आणि पहिल्याच आठवड्यात एका ताईने गोणी डोक्यावर घेऊन ५० रुपये मिळवले.

आता कायद्याचे. बांधकाम कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९९६ चा केंद्राचा कायदा होता आणि महाराष्ट्रात त्याखाली स्थापन झालेले कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराची तिथे नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला मदत मिळते. पण स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांच्या आतले काम त्या कायद्याने आस्थापनेच्या व्याख्येतून वगळले होते. म्हणजे आमच्यासारखी घरे. छोट्या गावांत, छोट्या शहरांत मजूर बहुतेक अशाच घरांवर राबतो. तिथे त्याची हजेरी कुणाच्याच रजिस्टरात नसते. कायदा दारापर्यंत येतो आणि थांबतो. दाराच्या आत ते काम आपल्यालाच करावे लागेल. आमच्या वहीत आम्ही प्रत्येक मजुराचे दिवस मांडले आणि सही करून त्याची प्रत त्याला दिली. गावात ग्रामसेवकाकडे, शहरात पालिकेकडे ९० दिवसांचे प्रमाणपत्र मागायला गेल्यावर काहीतरी हातात असावे, एवढाच हेतू.

तुम्ही घर काढणार असाल तर निदान एवढे करा. साधा वहीचा कागद चालेल, पण दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. कायद्यात तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करताना माणूस थकतो. भाव लिहा आणि त्या भावात जिना, छज्जा, टाकी, संडास धरले आहेत की नाहीत तेही लिहा, कारण भांडण नेमके तिथे होते. मुरूम लागेपर्यंत खोदायचे, असे लिहा. पैसे पाया, जोते, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांना बांधा आणि शेवटचा दहावा हिस्सा काम पूर्ण होईपर्यंत हातात ठेवा. सळई-सिमेंट स्वतः आणा, पावती स्वतःच्या नावाची घ्या. स्लॅबवर पाणी कोण मारणार, किती दिवस, हे ठरवा. आमच्या वडिलांनी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्वतः मारले. आणि सगळ्यात महत्त्वाचे, मजुराचा रोज किती आणि तो कधी मिळणार, ही ओळ त्या कागदावर असू द्या. ही ओळ कुणीच लिहीत नाही.

काही कार्यकर्ते म्हणतील, मग आपल्या माणसाला काम द्यायचेच नाही का? द्या. जरूर द्या. प्रस्थापित त्यांच्या लोकांना देतातच. पण कागदासह द्या. 'आपल्यात कागद कशाला' हे वाक्य जातीचे आहे, धम्माचे नाही. जात म्हणते, रक्ताचा आहे, डोळे झाक. जिथे कागद नाही तिथे चालते ते वजन, ओळख, नाते आणि शेवटी जात. ज्याच्याकडे यातले काहीच नाही, त्याच्यासाठी कागद आहे. संविधान दुसरे काय आहे? एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागायचे, याचा लिहून ठेवलेला करार. त्या कराराच्या विटंबनेवर परभणी रस्त्यावर उतरली. मग आपल्या दारातल्या व्यवहारात तो करार चार ओळींचा का असेना, उतरायला नको?

जूनमध्ये पावसाच्या आधी घर झाले. स्लॅब पडला त्या दिवशी बुद्धवंदना घेतली आणि सगळे एका पंगतीत जेवले. चहा आता एकाच प्रकारच्या कपांत होतो, ते कप आत असतात. वडील रोज संध्याकाळी वर जाऊन बसतात, फार बोलत नाहीत.

एक गोष्ट राहिली. पहिल्या वेळच्या त्या मावशीला आम्ही ४०० च्या हिशेबानेच पैसे दिले होते. ६०० धरले तर अकरा दिवसांचे २,२०० रुपये अजून आमच्याकडे निघतात. नाक्यावर तीनदा जाऊन आलो. कुणी म्हणते पुण्याकडे गेले, कुणी म्हणते ऊसतोडीला. वहीत ते २,२०० बाकी म्हणूनच लिहून ठेवले आहेत. भेटेपर्यंत शोधत राहू.

जयभीम. जय संविधान.